आधी अर्धी होडी

"नमस्कार. मी ४९ वर्षांची, भांडुपला राहते, सरकारी कार्यालयात नोकरी करते. गेल्या दिवाळीत धाकट्या भावाने परदेशातून लाकडी जहाजाचं किट आणलं. ब्रिटिशांची 'व्हिक्टरी', तीन डोलकाठ्या, शंभरावर तोफा. लहानपणी मी काड्यापेटीच्या होड्या करायचे ते त्याच्या लक्षात होतं. मी नेटाने सुरुवात केली. मधला कणा झाला, आडव्या फासळ्या बसल्या, आणि फळ्या लावायला घेतल्यावर गाडं अडलं. पुढच्या टोकापाशी फळी वळवली की तडकते. एका बाजूच्या सात-आठ फळ्या लावून झाल्यावर पाहिलं तर अख्खा सांगाडाच पिळवटलाय. जेवणाचं टेबल चार महिने त्यात अडकलंय. मिस्टर काही बोलत नाहीत, पण ताट घेऊन सोफ्यावर जाऊन बसतात. सासूबाईंना धुळीने खोकला होतो. व्हिडिओ बघावेत तर प्रत्येकाकडे यंत्रांनी भरलेली खोली. मी छोटी टेबल-करवत आणि घासायचं यंत्र घेऊ का? की हा नादच सोडून देऊ? आणि सोसायटीतली मुलं विचारतात ते वेगळंच: काकू, हे पाण्यात चालेल का?
— अडलेली, भांडुप"

ताई,

यंत्रं घेऊ नका आणि नादही सोडू नका. 'व्हिक्टरी' मात्र गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, निदान दिवाळीपर्यंत. भावाने मायेने आणलं, त्याबद्दल त्याचे आभार. पण पहिल्यांदा हात घालायचं जहाज हे नव्हे. खऱ्या 'व्हिक्टरी'वर चाळीसेक किलोमीटर दोरखंड होता म्हणतात. सीएसएमटीहून ठाणं ३४ किलोमीटरवर आहे, यावरून अंदाज घ्या. मुरलेली माणसंसुद्धा या जहाजात काही वर्षं घालवतात, आणि ज्यांचं अर्धवट राहतं त्यांचं बहुतेक वेळा तुमच्याच जागी अडतं, फळ्यांपाशी. तेव्हा हात वाईट आहे असं मनात आणू नका.

फळी का तडकते ते आधी सांगतो, कारण ते कळलं की निम्मं जहाज कळलं. कोरडी पट्टी वाकवली की मोडते, हे कारण सगळ्यांना माहीत असतं. खरं दुखणं दुसरं आहे. जहाजाच्या पोटापाशी फासळीचा घेर मोठा असतो आणि पुढे नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तो कमी होत जातो. समजा, मधल्या फासळीवर वरच्या काठापासून कण्यापर्यंत ९० मिलिमीटर भरले आणि नाळेजवळ ५५. फळी ५ मिलिमीटर रुंद, म्हणजे मध्ये १८ फळ्या मावल्या. त्याच १८ फळ्या पुढे ५५ मिलिमीटरमध्ये बसवायच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम ३ मिलिमीटर येणार. तुम्ही फळी पूर्ण रुंदीची ठेवून पुढे नेत असणार. मग ती शेजारणीवर चढते, आणि तिला खाली दाबायला आपण ती कडेच्या दिशेने वाकवू पाहतो. पट्टी सपाट अंगाने हवी तेवढी वाकेल, कडेने नाही. तिथेच ती तडकते, नाहीतर पीळ खाते. कलिंगडावरचे हिरवे पट्टे पाहा, पोटावर रुंद आणि देठाकडे निमुळते. फळ्या तशा व्हायला हव्यात.

त्यासाठी गणित लागतं ते चौथीतलं. कागदाची बारीक पट्टी प्रत्येक फासळीवर काठापासून कण्यापर्यंत गुंडाळून घेर मोजायचा, १८ ने भागायचं, फळीवर त्या त्या जागी तेवढ्या रुंदीची खूण करायची आणि खुणा जोडायच्या. जास्तीचं लाकूड छोट्या रंध्याने काढायचं, किंवा पॉलिश पेपर चिकटवलेल्या सरळ पट्टीवर घासून. मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक मात्र कधी करू नका. सुईसारखं झालेलं टोक टाचणीने फुटतं आणि फेविकॉलला धरायला काही उरत नाही. तशी वेळ आलीच तर पुढे दोन फळ्यांऐवजी एकच न्यायची.

वाकवण्यासाठी पट्टी कोमट पाण्यात पाव तास ठेवा आणि गरम गोल वस्तूवर हळूहळू वळवा. घरात केस कुरळे करायचं यंत्र पडून असेल तर या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मग ती पट्टी जागेवर चिमट्यांनी धरून रात्रभर वाळू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी चिकटवायची. ओली चिकटवलीत तर वाळताना आक्रसते आणि फट पडते.

सांगाडा पिळवटला तो एकाच बाजूने फळ्या लावत गेल्यामुळे. प्रत्येक फळी थोडी ओढ लावते. डावीकडे एक की उजवीकडे एक, हा क्रम कधी मोडायचा नाही. झालेलं अजून निस्तरता येईल. साधा पांढरा फेविकॉल वापरला असेल तर सांध्यांवर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा, डिंक मऊ पडला की पातळ पात्याने फळ्या उचला, कणा दोन सरळ पट्ट्यांमध्ये करकचून बांधा आणि नीट वाळेपर्यंत तसाच राहू द्या. फेविक्विक वापरलं असेल तर पाणी काही करणार नाही, अ‍ॅसिटोन लागेल, तेही खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. आणि सूचनापत्रक एकदा नीट वाचा. 'व्हिक्टरी'चे बरेचसे किट दुहेरी फळ्यांचे असतात. तुमचा तसा असेल तर वर फळ्यांचा दुसरा थर येईल आणि ही पहिली फळी दिसणारच नाही. तडा गेला तर भुसा आणि फेविकॉल कालवून भरा, घासा आणि पुढे चला.

पण हे सगळं दिवाळीनंतर. आत्ता जूनअखेर आहे, आणि मुंबईच्या पावसात फळ्या लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने फटींची पेरणी. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आक्रसतं. जुलैत दमट होऊन फुगलेल्या पट्ट्या तुम्ही एकीला एक चिकटून बसवणार, आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत त्यांच्यामधून उजेड दिसणार. चपडीचं पॉलिशही या हवेत पांढरं पडतं. किटमधल्या पट्ट्या एकत्र बांधून प्लास्टिकच्या पिशवीत, औषधांच्या डब्यांतून येतात त्या शोषक पुड्यांसकट ठेवून द्या.

मग चार महिने करायचं काय? माझं म्हणणं, होडी बघायची. खोटं वाटेल, पण हा छंद धरणाऱ्या बहुतेकांनी ज्याचं मॉडेल करायचं ते गलबत पाण्याखालच्या अंगाने कधी पाहिलेलंच नसतं. डोलकाठ्या, शिडं, दोरखंड यांवर सगळा जीव, आणि खालचं पोट म्हणजे काहीतरी गोलसर. तुमची बोटं अडली ती याच अज्ञानात. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला जाऊन 'व्हिक्टरी'च्या पोटाखाली उभं राहणं आपल्याला परवडणार नाही. वेसाव्याला जाणं परवडेल.

आणि वेळ नेमकी हीच आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. वेसावे, मढ, गोराई, उत्तन, कुठल्याही कोळीवाड्यात जा, होड्या किनाऱ्यावर ओढून, टेकू लावून, वरून ताडपत्री टाकून ठेवलेल्या दिसतील. एरवी पाण्यात लपलेलं सगळं अंग उघडं. आजकाल बऱ्याच होड्या फायबरच्या असतात, लाकडी शोधा. खाली वाका आणि नाळेपासून मागे सुकाणूपर्यंत एकेका फळीवर नजर फिरवा. फळी कुठे अरुंद होते, कुठे संपते, दोन फळ्यांची जागा एक कुठे घेते, हे पाच मिनिटांत दिसेल. मी वर एवढं लिहिलं ते तुम्हाला तिथे एका दृष्टिक्षेपात कळेल. मात्र आधी नाखवाला विचारा. न विचारता टेप लावायला लागलात तर तुम्ही सरकारी माणूस आहात असं वाटेल, आणि तुमच्या बाबतीत ते खरंही आहे.

परवानगी मिळाली की मापं घ्या. आणि या मापांवरून पूर्ण होडी करू नका. अर्धी करा. म्हणजे लांबीत मधोमध कापल्यासारखी, एकच बाजू, फळीवर बसवून भिंतीला टांगायची. याला हलकं समजू नका. जहाजं बांधणारे कारागीर पूर्वी असंच अर्धं मॉडेल आधी कोरत, हाताने चाचपून आकार ठरवत आणि त्यावरून मोठ्या जहाजाची मापं काढत. दोन बाजू सारख्या आणायची कटकट नाही, डोलकाठ्या नाहीत, दोऱ्या नाहीत. मुंबईच्या घरात तर भिंतीएवढी मोकळी जागा दुसरी नसतेच.

समजा, १० मीटरची होडी आहे. १:३० प्रमाण घेतलं तर मॉडेल ३३ सेंटिमीटर. होडी ३ मीटर रुंद असेल तर अर्धी बाजू ५ सेंटिमीटर, दीड मीटर खोल असेल तर उंचीही ५ सेंटिमीटर. म्हणजे १ सेंटिमीटर जाडीच्या पाच फळ्या एकावर एक. आता गंमत बघा. मॉडेलमधला १ सेंटिमीटर म्हणजे खरे ३० सेंटिमीटर. तेव्हा होडीच्या काठावरून ओळंबा सोडायचा आणि दोरीपासून होडीच्या अंगापर्यंतचं आडवं अंतर दर ३० सेंटिमीटर खाली मोजायचं. काठाच्या अर्ध्या रुंदीतून ते वजा केलं की त्या उंचीवरची अर्धी रुंदी मिळते. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सात-आठ ठिकाणी हे केलंत की प्रत्येक थराचा आकार तुमच्या वहीत आला. होडी कलती असेल तर ती सोडा, सरळ उभी असलेली शोधा. आणि एक फोटो अगदी बाजूने, शक्य तितकं लांब उभं राहून घ्या. जवळून घेतला की नाळ फुगलेली दिसते. हे काम एकटीचं नाही, ओळंबा धरायला दुसरा हात लागतो. मिस्टरांना न्या. सोफ्यावर ताट घेऊन बसणारा माणूस दोन तास ओळंबा धरून उभा राहिला की टेबलावरच्या जहाजाकडे बघायची त्याची नजर बदलते. निदान घरी परतताना बोंबील तरी मिळतील. बंदीच्या काळातही टोपली घेऊन कोणीतरी बसलेलं असतं.

नकाशा नाही म्हणून कचरू नका. आपल्या मुंबईच्या गोदीत १८१७ साली 'ट्रिंकोमली' नावाची सागवानी युद्धनौका पाण्यात उतरली. तिचे इंग्लंडहून निघालेले मूळ नकाशे ज्या जहाजावर होते ते वाटेत अमेरिकेने लढाईत पकडलं, त्यामुळे ते नकाशे गेले आणि नकला पुन्हा पाठवाव्या लागल्या. १८१६ च्या मे महिन्यात जमशेटजी बोमनजी वाडियांनी कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि काम सुरू झालं. ती नौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. अलीकडची 'कौंडिण्य' तर अजिंठ्याच्या चित्रावरून, शिवलेल्या फळ्यांची बांधली आणि २०२५ मध्ये नौदलात घेतली. तुमच्यासमोर तर अख्खी होडी आहे.

लाकूड सागवानी घेऊ नका. खऱ्या होडीला सागासारखं काही नाही, पण ३३ सेंटिमीटरच्या वस्तूवर त्याच्या रेषा आणि छिद्रं राक्षसासारखी दिसतात. शिवण मिळाली तर उत्तम, हलकी असते, सुरीने कापली जाते आणि एकदा वाळली की फारशी हलत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांना वापरत आले तो पांगारा आणखी मऊ. हळदू बारीक पोताचा, पिवळसर, ज्याच्या फण्या करत. तो मात्र पुढे फळ्यांसाठी राखून ठेवा, कोरायला कडक जातो. रे रोडच्या लाकूडबाजारात तुकडे विचारा, किंवा सोपं म्हणजे जवळच्या सुतारालाच गाठा आणि १० मिलिमीटरला रंधा मारून घ्या. एमडीएफ नको. त्याची धूळ सासूबाईंनाच काय, कोणालाच चांगली नाही.

प्रत्येक थर त्याच्या वरच्या पातळीच्या मापाने कापायचा आणि फेविकॉल लावून सगळे एकत्र दाबून ठेवायचे. पावसात दोन दिवस तरी द्या. सगळ्या थरांचे तंतू एकाच दिशेला ठेवलेत तर ठोकळा एकत्रच फुगेल आणि आक्रसेल, म्हणून हे काम या ऋतूत चालतं. आता तुमच्यासमोर एका बाजूने पायऱ्या असलेला ठोकळा असेल. प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलने गडद रेघ मारा. होडीचं खरं अंग त्या रेघांवरून जातं, बाहेरचं सगळं जास्तीचं आहे. पटाशीने पायऱ्यांच्या धारा काढायला लागा, मग कानस, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर. रेघ पुसट होऊन जिथे जेमतेम उरते तिथे थांबायचं. शेवटी खोलीतला दिवा मालवून टॉर्च बाजूने धरा, सावलीत एकेक उंचवटा उघडा पडतो. आणि डोळे मिटून तळहात नाळेकडून मागे फिरवा. जिथे हात अडखळेल तिथे अजून काम आहे.

अवजारांना फार पैसे घालू नका. दोन पटाश्या, छोटा रंधा, अर्धगोल कानस, चांगला कटर. बाकी सोनारांच्या दुकानात बघा. सोनारी करवत पातळ प्लायवूड इतकं सुबक कापते की टेबल-करवतीची आठवण होणार नाही. बारीक चिमटे, हाताने फिरवायचं छोटं ड्रिलही तिथेच. जव्हेरी बाजाराच्या आसपास अशा अवजारांची दुकानं आहेत, आणि हार्डवेअरला नागदेवी स्ट्रीट. तार ओढायची भोकांची पट्टी, सोनार जिला जंतर म्हणतात, तीही एखादी घेऊन ठेवा. बांबूची काडी तिच्या धारदार बाजूच्या भोकांतून क्रमाने लहान करत ओढली की लाकडी खिळे तयार होतात, 'व्हिक्टरी'ला कामी येतील. धरायला कपड्यांचे चिमटे घरात आहेतच.

टेबल मात्र आजच मोकळं करा. हे मी सल्ला म्हणून नाही, अट म्हणून लिहितोय. जुना पाट असेल तो घ्या, नसेल तर काठ असलेला मोठा ट्रे. सगळं काम त्यावर, आणि जेवायची वेळ झाली की एका हाताने उचलून पलंगाखाली. जे उचलून ठेवता येत नाही ते मुंबईच्या घरात करू नये. घासायचं काम एका अंगाने उघड्या खोक्यात करा, तळाला ओलं वर्तमानपत्र, गॅलरीत, तोंडाला मास्क लावून. सासूबाई दुपारी झोपतात तेव्हा पटाशीचं काम करा, ते बिनधुळीचं असतं आणि बिनआवाजाचंही.

राहिली मुलं. त्यांना सांगा, 'व्हिक्टरी' पाण्यात सोडली तर लगेच आडवी होईल. वारा लहान होत नाही ना. तोच वारा असताना जहाज सगळ्या बाजूंनी निम्मं केलं, तर शिडामुळे उलथवणारा जोर आठव्या हिश्श्यावर येतो, पण जहाजाला सावरणारा जोर सोळाव्या हिश्श्यावर. जितकं लहान, तितकं ते सावरायला दुबळं. म्हणून पाण्यात चालणाऱ्या मॉडेलना खाली खोलवर शिशाचं वजन लावतात, खऱ्या जहाजाला कधीच नव्हतं तेवढं. मुलांना खरंच चालणारी हवी असेल तर एका शिडाची साधी होडी त्यांच्याकडूनच करून घ्या, खाली वजनासह. सोडायला पवई तलाव नको, तिथल्या मगरींना छंदाची कदर नाही.

या रविवारी निघा. ओहोटीची वेळ बघून जा, चिखल असतो तेव्हा चपला जुन्या घाला. पिशवीत टेप, ओळंबा, चौकोनी वही, दोन पेन्सिली आणि छत्री, आणि कोणी शिडाच्या दिवसांतला म्हातारा नाखवा भेटला तर त्याला विचारा की डोलकाठी पुढे झुकलेली का असायची. तो सांगेल ते लिहून घ्या आणि मला कळवा.